माद्रिदहून रेल्वेने एका दिवसाच्या सहली: परतीची गाडी आधी ठरवा

माद्रिदला राहायला आले त्या वर्षीची गोष्ट. एका शनिवारी सकाळी मनात आलं म्हणून आतोचा स्टेशनवर गेले, तोलेदोचं जाण्याचं तिकीट काढलं आणि निघाले. परतीचं संध्याकाळी बघू, असा विचार. संध्याकाळी सात वाजता तोलेदो स्टेशनच्या खिडकीपाशी उभी राहिले, तेव्हा शेवटच्या गाडीपर्यंत एकही जागा शिल्लक नव्हती. मला वाटलं होतं, जागा नसेल तर उभ्याने जाऊ, अर्ध्या-पाऊण तासाचा तर प्रवास आहे. पण या गाड्यांत आरक्षणाशिवाय चढताच येत नाही. जितक्या सीट तितकीच माणसं. शेवटी चालत बसस्टँड गाठला, माद्रिदच्या प्लासा एलिप्तिकाची बस धरली आणि उशिरा घरी पोचले.

त्यानंतर आई-बाबांना घेऊन, मैत्रिणींना घेऊन, एकटीने, अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी एकच गोष्ट पटत गेली: एका दिवसाच्या सहलीत आधी ठरवायची ती परतीची गाडी. ती पक्की झाली की बाकीचं तिच्याभोवती नीट बसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशोबाने लिहिल्या आहेत.

१. आधी गाड्यांचे दोन प्रकार समजून घ्या

रेन्फे ही स्पेनची सरकारी रेल्वे कंपनी. तिच्या गाड्यांची नावं खूप आहेत, पण सहलीपुरते दोनच प्रकार लक्षात ठेवले तरी भागतं.

पहिला प्रकार सेर्कानियास, म्हणजे लोकल. हिला आरक्षण नाही, ठरावीक गाडी नाही. तिकीट काढायचं, येईल त्या गाडीत बसायचं. भाडं टप्प्यांप्रमाणे, काही युरोंत काम होतं. अल्काला दे एनारेस, आरान्हुएस, एल एस्कोरियाल ही गावं लोकलची. सकाळी उठून हवा बघून ठरवलं तरी चालतं, परतीची काळजी नाही.

दुसरा प्रकार आरक्षणाच्या गाड्यांचा: आवे, आल्विया, आवांत. आवांत ही कमी अंतराची वेगवान गाडी, तोलेदो आणि सेगोवियासाठी हीच बघा. तिचं भाडं साधारण ठरलेलं असतं. आवे आणि आल्विया या लांब पल्ल्याच्या गाड्यांचं भाडं मात्र विमानासारखं वरखाली होतं, लवकर काढलं तर स्वस्त. म्हणून पुष्कळांना वाटतं की आवांतचं तिकीट ऐन वेळी काढलं तरी काय बिघडतं, भाडं तेच तर आहे. बिघडतं ते जागेचं. शनिवार-रविवारी संध्याकाळच्या गाड्या आधी भरतात, आणि मी अडकले ती नेमकी इथेच.

लांबच्या मार्गांवर आता उइगो आणि इर्यो या खासगी गाड्याही धावतात. कोर्दोबाला जाणार असाल तर तिन्ही ठिकाणचे दर बघून घ्या.

२. गाव निवडा, पण वेळेचा हिशोब घरापासून करा

वेबसाइटवर दिसते ती नुसती गाडीची वेळ. तिच्यात घर ते स्टेशन, सामान तपासणी आणि उतरल्यावर गावात पोचणं हे धरलेलं नसतं. मी तरी गाडीच्या वेळेत दीड तास मिळवूनच बेत करते.

*तोलेदो.* आतोचाहून आवांतने साधारण पस्तीस मिनिटं. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून हेच सांगते. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवरचं हे गाव १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कॅथेड्रल, जुनी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि सान्तो तोमे चर्चमधलं एल ग्रेकोचं ओर्गासच्या सरदाराच्या दफनाचं भव्य चित्र एवढं बघायला पूर्ण दिवस लागतो. गल्ल्या चढउताराच्या आणि दगडगोट्यांच्या. गुडघेदुखी असलेल्यांना सोबत नेत असाल तर अर्धंच ठरवा आणि मध्ये बसायला वेळ ठेवा.

*सेगोविया.* चामार्तीनहून अर्ध्या तासाच्या आत. डिसेंबर २००७ मध्ये ग्वादारामा डोंगराखालून अठ्ठावीस किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि हे गाव इतकं जवळ आलं. खरं बघण्यासारखं आहे ते रोमन जलसेतू. सर्वात उंच जागी जवळजवळ अठ्ठावीस मीटर, दोन मजली कमानी, आणि दगडांमध्ये चुना नाही की काही नाही. बाबा कितीतरी वेळ खालच्या खांबाच्या दोन दगडांमधल्या फटीवरून बोट फिरवत उभे होते. म्हणाले, "आपल्या हेमाडपंती देवळांसारखंच की गं. वजनावर तोललंय सगळं." त्यानंतर किल्ला बघायला त्यांना ओढूनच न्यावं लागलं. किल्ला, म्हणजे अल्कासार, गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. चालत वीस-पंचवीस मिनिटं धरा.

*अल्काला दे एनारेस.* आतोचाहून सी-२ लोकलने पाऊण तासाच्या आत. 'दोन किहोते' लिहिणाऱ्या सेर्वान्तेसचं जन्मगाव, १५४७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा इथे झाला. १४९९ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठही इथलंच. फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत चर्चच्या मनोऱ्यांवर करकोच्यांची घरटी आणि चोचींचा टकटक आवाज. गाव सपाट, सावलीच्या ओसऱ्यांचा मोठा रस्ता. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर तोलेदोच्या आधी इथे जा, असं मी आग्रहाने सांगेन.

*आरान्हुएस.* सी-३ लोकलने पाऊण तासाच्या आसपास. राजवाडा आणि नदीकाठच्या बागा. वसंतात इथली स्ट्रॉबेरी खाल्ल्याशिवाय येऊ नका. माद्रिदहून सुटलेली पहिली रेल्वे १८५१ मध्ये इथेच आली होती.

*एल एस्कोरियाल.* लोकलने तासभर. राजा दुसऱ्या फेलिपेने १५६३ ते १५८४ या काळात बांधून घेतलेला प्रचंड मठ-राजवाडा. पण स्टेशन खाली आणि मठ वर. बागेतून वीस-पंचवीस मिनिटांचा चढ आहे, नाहीतर स्थानिक बस. खरं सांगायचं तर इथे माद्रिदच्या मोनक्लोआहून सुटणारी ६६१ किंवा ६६४ नंबरची बस जास्त सोयीची, मठाच्या जवळ सोडते.

*आविला.* दीड ते दोन तास. अडीच किलोमीटरची अखंड तटबंदी, तिच्यावरून चालता येतं. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून जास्त उंच, त्यामुळे माद्रिदला स्वेटर पुरेल त्या दिवशी इथे जाड जॅकेट लागतं.

*कोर्दोबा.* आवेने पावणेदोन तास. जमतं, पण सकाळी लवकर निघून रात्री परतायच्या तयारीनेच. जुलै-ऑगस्टमध्ये मुळीच नको. दुपारी चाळीस अंश हे तिथे नेहमीचं आहे.

३. वार बघा

सोमवारी एल एस्कोरियाल आणि आरान्हुएसचा राजवाडा बंद. तोलेदोचं एल ग्रेको संग्रहालय बंद, अल्कालातलं सेर्वान्तेसचं घर बंद. रविवारी सकाळी तोलेदोचं कॅथेड्रल पर्यटकांना उघडं नसतं, दुपारी उघडतं. मंगळवार ते शुक्रवार हे सर्वात चांगले वार. गर्दी कमी, तिकीट मिळतं.

सुट्ट्याही बघा. २ मे आणि १५ मे या माद्रिदच्या स्थानिक सुट्ट्या, आपल्या कॅलेंडरवर त्या दिसत नाहीत. सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवार जोडून घेतात, त्याला इथे 'पुएन्ते' म्हणतात, म्हणजे पूल. त्या चार दिवसांत गाड्या तुडुंब असतात. इस्टरच्या आठवड्याचं आणि डिसेंबरच्या ६ व ८ तारखांच्या मधल्या दिवसांचंही तसंच.

निघायच्या आदल्या रात्री रेल्वेचा संप नाही ना, एवढं पाहून घ्या. संपाला 'उएल्गा' म्हणतात. संपात सगळं बंद पडत नाही, किमान गाड्या चालवाव्या लागतात, पण तुमची गाडी त्यांत आहे की नाही हे तपासावं लागतं.

स्टेशनवरच्या छापील वेळापत्रकात वारांची अक्षरं असतात: एल, एम, एक्स, जे, व्ही, एस, डी. त्यातला एक्स म्हणजे गाडी नाही असं समजू नका. तो बुधवार आहे. मंगळवार आणि बुधवार दोन्ही 'एम'ने सुरू होतात म्हणून बुधवारला एक्स दिला आहे.

४. तिकीट काढा: येतानाचं पहिलं

गाड्यांच्या यादीत आधी परतीच्या दिशेला बघा. शेवटची गाडी कुठली? तिच्या आधीची कुठली? मी नेहमी शेवटच्या आधीची घेते. काही चुकलं तर हाताशी एक गाडी उरते. परतीची जागा आहे हे दिसलं की मग 'इदा इ वुएल्ता', म्हणजे जाऊन-येऊन, असं एकत्र तिकीट काढा. बहुतेक वेळा ते दोन सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्तही पडतं.

फॉर्म भरताना आपल्या लोकांची गाडी दोन ठिकाणी अडते.

एक, नाव. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, म्हणून फॉर्मात 'प्रिमेर आपेयीदो' आणि 'सेगुन्दो आपेयीदो' असे दोन रकाने दिसतात. दुसऱ्यात वडिलांचं नाव घालायचा मोह होतो. घालू नका. पहिल्या रकान्यात आडनाव, 'नोंब्रे'मध्ये पासपोर्टवर 'दिलेलं नाव' म्हणून जे छापलंय ते सगळं, आणि दुसरा रकाना रिकामा. कागदपत्राच्या प्रकारात पासपोर्ट निवडा. तिथे आपोआप स्पॅनिश ओळखपत्र निवडलेलं असतं आणि मग तुमचा क्रमांक चुकीचा आहे म्हणून फॉर्म पुढे सरकत नाही.

दोन, कार्ड. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुद्दाम सुरू करावे लागतात. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते मुळात बंदच असतात. शिवाय ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. ते सिम फोनमध्ये चालू हवं. आई-बाबा यायच्या आधी मी त्यांच्याकडून हे दोन्ही घरूनच करून घेतलं होतं. कार्ड चालतच नसेल तर सरळ स्टेशनवरच्या 'ताकीया'वर, म्हणजे खिडकीवर जा. आतोचाला नंबर घेऊन थांबावं लागतं, अर्धा तासही जाऊ शकतो, म्हणून सहलीच्या दिवशी सकाळी नको, आदल्या दिवशी जाऊन या.

लहान मूल सीट घेणार नसलं तरी आरक्षणाच्या गाडीत त्याचं तिकीट काढावं लागतं. काढताना मुलाला मोजायला विसरू नका.

लोकलसाठी यंत्रातून पुन्हा वापरता येणारं कार्ड मिळतं, पहिल्यांदा पन्नास सेंट जास्त पडतात. ते जपून ठेवा. बाहेर पडतानाही फाटकावर तेच लावावं लागतं. आत आलो म्हणून खिशात कुठेतरी कोंबलं की उतरल्यावर शोधाशोध होते. आणि एक फुकटची सोय: आवे किंवा लांब पल्ल्याच्या तिकिटावर 'कोम्बिनादो सेर्कानियास' नावाचा क्रमांक छापलेला असतो. तो लोकलच्या यंत्रात टाकला की स्टेशनपर्यंतच्या आणि परत आल्यावर घरापर्यंतच्या लोकलचं तिकीट मोफत निघतं. गाडीच्या आधी चार तास आणि नंतर चार तास.

५. कुठलं स्टेशन, हे तिकिटावर वाचा

माद्रिदला दोन मोठी स्टेशनं, दक्षिणेला आतोचा आणि उत्तरेला चामार्तीन. तोलेदो आणि कोर्दोबा आतोचाहून, सेगोविया आणि आविला चामार्तीनहून. जुन्या माहितीवर जाऊ नका. वालेन्सियाच्या बाजूच्या काही गाड्या पूर्वी आतोचाहून सुटायच्या, आता त्या चामार्तीनहून सुटतात. चुकून दुसऱ्या स्टेशनवर पोचलात तर मेट्रोत शिरू नका. दोन्हींना जोडणाऱ्या लोकलने पंधरा मिनिटांत जाता येतं.

मेट्रोने आतोचाला जाताना एक नंबरच्या मार्गावर 'आतोचा' याच नावाच्या थांब्यावर उतरा. त्याच्या शेजारच्या थांब्याला पूर्वी आतोचा म्हणायचे, २०१८ पासून तो 'एस्तासियोन देल आर्ते' आहे. जुने नकाशे आणि जुने ओळखीचे अजूनही त्याला आतोचाच म्हणतात.

६. स्टेशनच्या आत

आरक्षणाच्या गाड्यांसाठी बॅगा यंत्रातून जातात. रांग कधी दोन मिनिटांची, कधी वीस. फाटक गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतं आणि पुन्हा उघडत नाही. अर्धा तास आधी पोचा. आतोचाला वेळ उरला तर जुन्या स्टेशनच्या लोखंडी छपराखाली ताडामाडांची बाग आहे, तिथे बसा.

आता बोर्ड. त्यावर 'विआ' असा रकाना असतो. आपण तो इंग्रजी सवयीने 'मार्गे' असा वाचतो आणि गाडी कुठल्याशा पाच नंबरच्या मार्गाने जाते असं वाटतं. विआ म्हणजे रूळ, अर्थात फलाटाचा नंबर. तो गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी झळकतो, तोवर रकाना रिकामा असतो. घाबरून इकडे तिकडे धावू नका, बोर्डासमोर थांबा. 'कोचे' म्हणजे डबा, 'प्लासा' म्हणजे सीट, 'सालीदास' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'येगादास' म्हणजे येणाऱ्या, 'रेत्रासो' म्हणजे उशीर. गाडीचा नंबर तिकिटाशी जुळवा, नुसतं गावाचं नाव नको. बोर्डावर बऱ्याचदा शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, आणि सेगोवियाची गाडी पुढे वायादोलिदला किंवा त्याहून लांब जात असते.

७. उतरल्यावर

सेगोवियाला सर्वात मोठा घोटाळा इथे होतो. वेगवान गाडीचं स्टेशन, सेगोविया-गियोमार, गावापासून पाच-सहा किलोमीटर लांब माळावर आहे. बाहेर पडलात की आजूबाजूला गाव दिसत नाही. ११ नंबरची बस थेट जलसेतूपाशी सोडते आणि ती गाडीच्या वेळेशी जुळवलेली असते. म्हणून फलाटावर फोटो काढत रेंगाळू नका, आधी बस धरा. परत येताना याच ११ नंबरच्या बसची वेळ गाडीइतकीच महत्त्वाची. जलसेतूजवळच्या थांब्यावर सकाळी उतरलात की तिथेच परतीच्या वेळांचा फोटो काढून घ्या.

तोलेदोचं स्टेशन नदीच्या अलीकडे आहे. समोरून सोकोदोवेर चौकाकडे शहरबस जाते. चालत जायचं तर अल्कान्तारा पूल ओलांडून वीस-पंचवीस मिनिटं, पण चढ चांगलाच आहे. साफोंतच्या बाजूला सरकते जिने आहेत, ते मिरादेरोपर्यंत वर नेतात. आईला आम्ही तिथूनच नेलं. बाहेर 'टूरिस्ट बस, टूरिस्ट बस' म्हणत तिकिटं विकणारे भेटतात. नुसतं वर जायचं असेल तर साधी शहरबस पुरते.

८. पोटापाण्याचं

जेवणाची वेळ दुपारी दोन ते चार. साडेबाराला गेलात तर स्वयंपाकघर उघडलेलं नसतं, पाचला गेलात तर बंद झालेलं असतं. 'मेनू देल दिया' म्हणजे ठरलेल्या दरातलं पूर्ण जेवण, तेच परवडतं.

शाकाहारींनी नुसतं 'मांस नको' म्हणून थांबू नये. इथे हॅम आणि ट्यूना हे पुष्कळांच्या मनात 'मांस' या शब्दात बसतच नाहीत. मिश्र सॅलडवर ट्यूना येतो, मसूरच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, असतं, सेगोवियाच्या लसणाच्या सूपमध्ये हॅम असतो. म्हणून नावं घेऊन सांगा: सिन हामोन, सिन आतुन, सिन पोयो, म्हणजे हॅम नको, ट्यूना नको, चिकन नको. अंडं चालत असेल तर बटाट्याचं 'तोर्तीया' सगळीकडे मिळतं. 'पिस्तो' म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची आणि दुधी-काकडीसारख्या भाजीचा रस्सा, पावाबरोबर छान लागतो. त्यावर अंडं घालून देतात, नको असेल तर आधीच सांगा. आणि डब्यात दशम्या, चटणी असली की कुठल्याही बागेत बसून जेवण होतं. आम्ही अल्कालाला असंच जेवलो.

सोबत काय घ्यावं

- मूळ पासपोर्ट किंवा इथलं रहिवासी कार्ड. तिकीट ज्या कागदपत्रावर काढलं तेच.
- तिकीट फोनमध्ये उतरवून घेतलेलं. नुसत्या ईमेलवर विसंबू नका, नेट जातं.
- पॉवर बँक, शहरबससाठी सुटी नाणी.
- पाण्याची बाटली, टोपी. ऑक्टोबर ते एप्रिल सेगोविया-आविलासाठी जाड जॅकेट.
- चांगले बूट. तोलेदोला चपला घालून जाऊ नका.

९. परत निघताना

फोनवर गाडीच्या दीड तास आधीचा गजर लावा. गजर वाजला की जिथे असाल तिथून स्टेशनच्या दिशेला लागा. गाडी बदलायची असेल तर ती सुटायच्या आत बदला, सुटून गेल्यावर तिकिटाला अर्थ उरत नाही. उन्हाळ्यात इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अजून दुपारच आहे असं वाटत राहतं. घड्याळाकडेच बघा.

तोलेदोहून निघताना बस न घेता चालत उतरा. मिरादेरोवरून जिने, मग पूल, मग स्टेशन. तिथेही बॅगा तपासतात, तरी पंधरा-वीस मिनिटं हातात राहतील असं करा. ती तुम्हाला त्या स्टेशनच्या इमारतीसाठी लागणार आहेत. १९१९ ची इमारत, मुस्लिम कारागिरीच्या धर्तीवरची: विटांच्या कमानी, रंगीत काचा, कोरीव लाकडाच्या जुन्या तिकीट खिडक्या. सकाळी सगळे घाईत तिथून सरळ बाहेर पडतात. आम्ही परतताना आई त्या दालनातल्या बाकावर बूट सैल करून बसली आणि काचेतून येणारा पिवळा-निळा उजेड फरशीवर सरकताना बघत राहिली. गाडीची घोषणा झाली तेव्हा मलाच तिला उठवावं लागलं.